सांगलीत घरी नाट्यसंगीताच्या जुन्या कॅसेट आहेत. संगणकावर घेतल्या तर आवाज दबका येतो. काय करावे?

आधी डेकचे (कॅसेट प्लेअरचे) हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, आणि रबरी रोलर पाहा. हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसाने पुसा. तरीही दबका वाटला तर हेड तिरके बसलेले असू शकते: टेप चालू ठेवून, मोनोत ऐकत, हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी किंचित फिरवा. झांजेचा आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबा. खरा फरक इथेच पडतो! डॉल्बीशिवाय (टेपची खरखर कमी करणाऱ्या सोयीशिवाय) भरलेल्या कॅसेटला डेकवरचे डॉल्बी बंदच ठेवा.

डेकची वायर संगणकाच्या लाइन-इन सॉकेटला जोडा, माइकच्या सॉकेटला नको, तिथे आवाज फाटतो. रेकॉर्डिंग २४ बिट, आवाजाचे शिखर उणे ६ डेसिबल, फाइल फ्लॅक (तपशील न गाळणारा प्रकार). एमपीथ्रीत गेलेला तपशील नंतर फ्लॅक करून परत येत नाही.

पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावूच नका. बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते.