लो कार्ब आहार आणि पीनट बटर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या वाचकांनी लो कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांच्या (कार्ब) आहारातल्या पीनट बटरविषयी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (धुळे) : माझी रक्तातली साखर सीमारेषेवर आहे. भाकरी-भात कमी करून सकाळी पीनट बटर घेतले तर चालेल, असे आहारतज्ज्ञांनी सांगितले. दुकानात क्रीमी, क्रंची, नॅचरल, हाय प्रोटीन, गुळाचे, मधाचे असे कितीतरी डबे आहेत. कोणता घेऊ?

डबा उलटा करा आणि घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे, म्हणून पहिल्या तीन नावांतच बहुतेक निकाल लागतो. यादीत फक्त भाजलेले शेंगदाणे, किंवा शेंगदाणे आणि मीठ असेल तर डबा घ्या. दुसऱ्या क्रमांकावर साखर, गूळ, मध, खजूर किंवा लिक्विड ग्लुकोज दिसले तर परत ठेवा. क्रीमी की क्रंची हा निव्वळ आवडीचा भाग आहे, त्याने कार्ब बदलत नाहीत.

गुळाच्या डब्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ‘साखर नाही, गूळ आहे’ म्हणून मधुमेही माणसेही तो निर्धास्तपणे घेतात. १०० ग्रॅम गुळात ८० ग्रॅमहून जास्त शर्करा असते. मधातही जवळपास तेवढीच. रक्तातली साखर वाढवण्यात साखर, गूळ आणि मध यांत फारसा फरक नाही.

माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव मात्र जरूर शोधा. ते पिष्टापासून बनते आणि ग्लुकोजसारखेच झटकन रक्तात उतरते, पण लेबलवर ‘टोटल शुगर्स’च्या ओळीत मोजले जात नाही. त्यामुळे शुगर्स कमी आणि कार्ब जास्त असे कोडे दिसले की यादीत हे नाव सापडण्याची शक्यता असते. ‘शुगर फ्री’ डब्यात साखरेऐवजी गोडीसाठी घातलेले माल्टिटॉल (लेबलवरचा मिश्रक क्रमांक आयएनएस ९६५) असेल तर तेही पूर्ण निरुपद्रवी नाही. त्यातला काही भाग पचतो आणि साखर वाढवतो, जास्त झाले तर पोट फुगते, जुलाब होतात. हिशेबात त्याचे निम्मे वजन कार्ब म्हणून धरा. स्टीव्हिया किंवा सुक्रालोजने कार्ब वाढत नाहीत.

आकडे १०० ग्रॅमच्या रकान्यातलेच पाहा. ‘पर सर्व्ह’चा रकाना कंपनीगणिक १५, ३० किंवा ३२ ग्रॅमचा असतो, त्यावरून दोन डब्यांची तुलना होत नाही. नुसत्या शेंगदाण्याच्या पीनट बटरमध्ये १०० ग्रॅमला साधारण ६०० कॅलरी, फॅट ४८ ते ५१, प्रोटीन २४ ते २६ आणि कार्ब २० ते २२ ग्रॅम असतात. त्या कार्बपैकी ६ ते ८ ग्रॅम फायबर. शर्करा ४ ते ६ ग्रॅम दिसली तर दचकू नका, ती दाण्याची स्वतःची आहे. ‘अ‍ॅडेड शुगर्स’समोर शून्य हवे. प्रोटीन ३० च्या बरेच पुढे असेल तर त्यात व्हे (दुधातले) किंवा सोया प्रोटीन मिसळलेले असते. त्यात वाईट काही नाही, मात्र अशा डब्यात चवीसाठी गोड घातलेले असण्याचा संभव जास्त.

प्रश्न (भुसावळ) : एका डब्यावर कार्ब २१ आणि फायबर ७ आहे, दुसऱ्यावर कार्ब १४ आणि फायबर ७. दोन्हींत फक्त शेंगदाणे. दुसरा घेतला तर नेट कार्ब ७ च पडतील ना?

बहुधा नाही. नेट कार्ब म्हणजे फायबर वजा करून उरलेले कार्ब. दोन्ही डब्यांत माल एकच असेल, मोजायची रीत वेगळी असेल. काही उत्पादक फायबर कार्बच्या आकड्यात धरून छापतात, काही ते वगळून. पहिल्या रीतीत फायबर वजा करायचे असते. दुसऱ्या रीतीत ते आधीच वजा झालेले असते, पुन्हा केले तर तुम्ही स्वतःलाच फसवाल.

कोणती रीत वापरली आहे ते ओळखायला साधी बेरीज पुरते. १०० ग्रॅममधले प्रोटीन, फॅट आणि कार्ब मिळवा. पीनट बटरमध्ये पाणी आणि खनिजे मिळून जेमतेम ४-५ ग्रॅम असतात, म्हणून बाकीच्या तिघांची बेरीज ९५ ते ९७ व्हायला हवी. पहिल्या डब्यावर प्रोटीन २५, फॅट ५०, कार्ब २१ असेल तर बेरीज ९६, म्हणजे फायबर कार्बमध्येच आहे. नेट कार्ब २१ वजा ७, म्हणजे १४. दुसऱ्यावर २५, ५० आणि १४ मिळून ८९ होतात. उरलेले ७ म्हणजेच वेगळे छापलेले फायबर. तिथे १४ हाच नेट कार्बचा आकडा. बेरीज १०० च्या पुढे गेली किंवा ८५ च्या खाली आली तर लेबलच चुकीचे आहे, तो डबा सोडा.

फायबर लेबलवर छापणे सक्तीचे नाही. ते नसेल आणि बेरीज ९६ च्या आसपास असेल, तर साध्या शेंगदाण्याच्या डब्यासाठी ६ ग्रॅम धरून चालावे.

प्रश्न (अमळनेर) : ‘नॅचरल’ डबा आणला तर वर बोटभर तेल तरंगते आणि तळाशी दगड. दुसऱ्या कंपनीचा डबा शेवटपर्यंत एकसारखा राहतो. पहिला खराब आहे का?

नाही, उलट तो साधा आहे. दाण्यात निम्मे तेलच असते. वाटल्यावर ते मोकळे होते आणि हळूहळू वर येते. एकसारख्या राहणाऱ्या डब्यात सहसा हायड्रोजनेटेड तेल, पाम तेल किंवा तेल वेगळे होऊ न देणारा आयएनएस ४७१ हा मिश्रक घातलेला असतो. हायड्रोजनेटेड तेल म्हणजे द्रव तेलात हायड्रोजन मिसळून घट्ट केलेले तेल. डालडासारखे वनस्पती तूप याच तत्त्वावर बनते. अमळनेरकरांना हा उद्योग नवा नाही : १९४५ मध्ये तुमच्याच गावी स्थापन झालेली आणि पुढे विप्रो या नावाने मोठी झालेली कंपनी सुरुवातीला वनस्पती तूपच बनवत होती.

यामुळे कार्ब वाढत नाहीत. लो कार्ब आहारात मात्र दिवसाच्या कॅलरींचा मोठा वाटा फॅटमधून येतो, म्हणून ते कोणते हे पाहणे जास्त महत्त्वाचे ठरते. आमची पसंती तेल तरंगणाऱ्या डब्यालाच आहे.

तरंगते तेल ओतून टाकू नका. उरलेला गोळा कोरडा होतो आणि त्यात कार्बचे प्रमाण वाढते. डबा आणल्यावर झाकण घट्ट लावून एक रात्र उलटा ठेवा. सकाळी लांब सुरीने तळापासून खरवडत ढवळा आणि एकजीव झाले की फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत तेल पुन्हा सहज वेगळे होत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा उघडलेला डबा ओट्यावर ठेवूच नये, लवकर खवट होतो.

प्रश्न (शिरपूर) : घरचे शेंगदाणे आहेत. मिक्सरमध्ये पीनट बटर करायला गेले की कूट होतो, मग गोळा होतो आणि मिक्सर गरम होऊन बंद पडतो. पाणी घातले तर आणखीच घट्ट झाले.

गोळा होणे हा मधला टप्पा आहे, बहुतेक जण तिथेच हात टेकतात. पुढे फिरवत राहिले की तेल सुटते आणि गोळा मोडतो. पाणी मात्र कधीच घालायचे नाही. दाण्यातली प्रथिने आणि पिष्ट ते शोषून घट्ट होतात, शिवाय ओल्या पिठीला बुरशी लागते.

वाण कोणताही चालतो. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून आलेला जेएल-२४, म्हणजे फुले प्रगती हा उपट्या वाण असो की बाजारातला जाडा दाणा, दोन्हींत तेल पुरेसे असते. निवडणे मात्र मन लावून करा. सुरकुतलेले, काळपट, किडलेले, बुरशीचा वास येणारे दाणे बाजूला काढा. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन असू शकते, ते यकृताला घातक असते आणि घरच्या भाजण्याने पूर्ण नष्ट होत नाही.

अर्धा किलो दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १५ मिनिटे, सतत हलवत भाजा. ओव्हन असेल तर १६५ अंशांवर १८ ते २० मिनिटे. साल चिमटीत सुटली आणि दाणा आतून फिकट बदामी दिसला की लगेच परातीत पसरा. कढईतच राहिले तर उष्णतेने भाजतच राहतात आणि कडवट होतात. कच्चे राहिले तर ओलावा उरतो आणि पेस्ट सैल होत नाही. कोमट झाल्यावर चोळून, सुपात पाखडून साले काढा. साले आणि ओलावा गेल्यावर साधारण ४५० ग्रॅम उरतात.

आता एका वेळी निम्मेच दाणे घ्या. चटणीचे भांडे अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. दाणे कोमट हवेत : गरम असतील तर भांड्यात वाफ धरते, पार गार झाले तर तेल सुटायला वेळ लागतो. ३० सेकंद फिरवा, एक मिनिट थांबा, कडांचे खाली ओढा, पुन्हा फिरवा. कूट, मग ओलसर गोळा, मग चकाकणारी घट्ट पेस्ट आणि शेवटी ओतता येईल अशी धार, या क्रमाने जाते. फिरवण्याचा वेळ एकूण ५ ते ८ मिनिटे लागतो. गोळा अडूनच राहिला तर एक छोटा चमचा शेंगदाण्याचे तेल घाला. पाव छोटा चमचा मीठ शेवटच्या फेरीत.

मिक्सर बंद पडला तर तो जळाला असे समजू नका. जास्त भार आला की आतला कट-ऑफ सुटतो. प्लग काढा, १५ मिनिटे थंड होऊ द्या, बुडाशी असलेले छोटे बटण दाबा आणि मग सुरू करा.

कोरड्या काचेच्या बरणीत भरा, चमचा कोरडाच वापरा. थंडीत बाहेर तीन आठवडे टिकते, उन्हाळ्यात फ्रिजमध्येच.

प्रश्न (यावल) : केळ्याला पीनट बटर लावून खाल्ले तर केळ्याची साखर चढत नाही, असे ऐकले. खरे आहे का?

चढण्याचा वेग थोडा कमी होतो, केळ्यातले कार्ब जागच्या जागी राहतात. सोललेले १२० ग्रॅमचे केळे म्हणजे २७ ग्रॅम कार्ब. दोन टेबलचमचे, म्हणजे ३२ ग्रॅम पीनट बटरमध्ये नेट कार्ब साडेचारच. दिवसाला ५० ग्रॅमची मर्यादा असेल तर एका केळ्यात निम्म्याहून जास्त खर्च झाली. केळीच्या पट्ट्यात राहून हे पाळणे जड जाते, कल्पना आहे.

भाकरीचेही तेच. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी ४० ग्रॅमच्या आसपास कार्ब देते. कळण्याच्या भाकरीत उडीद असल्याने थोडे कमी, तरी लो कार्ब म्हणता येणार नाही. पीनट बटर काकडीच्या चकत्या, पनीर किंवा उकडलेल्या अंड्याबरोबर घ्या, किंवा ताकात घुसळून मीठ-मिरची घाला.

प्रश्न (चोपडा) : भात-पोळी बंद, साखर बंद, पीनट बटर बिनसाखरेचे. तरी वजन हलत नाही.

चमचा वजनकाट्यावर ठेवून पाहा. सपाट टेबलचमचा १६ ग्रॅमचा, पण बरणीतून शिगोशीग भरलेला २५ ते २८ ग्रॅमचा होतो. दिवसाला असे चार म्हणजे शंभराच्या पुढे ग्रॅम आणि सहाशेहून जास्त कॅलरी. नेट कार्ब तेव्हाही १५ च्या आसपासच राहतात, म्हणून आपण पथ्य पाळतोय असेच वाटते. वजन कमी करायचे असेल तर दिवसाला ३० ग्रॅम पुरे. सकाळीच वाटीत मोजून काढा आणि बरणी बंद करा.

प्रश्न (नंदुरबार) : पीनट बटरच हवे का? दाण्याची चटणी चालणार नाही का?

छान चालेल. लसूण, तिखट, मीठ घालून कुटलेली दाण्याची चटणी किंवा हिरव्या मिरचीचा दाणे घातलेला ठेचा लो कार्बच आहे, फक्त त्यात साखर-गूळ घालू नका. दाणे घातलेले वांग्याचे भरीतही चालते, अडचण सोबतच्या पुरीची आहे. भाजलेले अख्खे दाणे तर सर्वांत बरे, चावावे लागतात म्हणून कमी खाल्ले जातात.

प्रश्न (पारोळा) : मी मधुमेहाच्या गोळ्या घेतो. हा आहार सुरू करू का?

डॉक्टरांना आधी विचारा, नंतर नव्हे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कार्ब एकदम कमी केले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, डोस बदलावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर फार कमी कार्ब घेतल्याने रक्तात आम्ल साचण्याचा, म्हणजे कीटोॲसिडोसिसचा धोका वाढतो आणि त्यात साखर फार वाढलेली दिसतेच असे नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर तडक दवाखान्यात जा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन आणि पोटॅशियम किती चालेल, हेही विचारून घ्या.

प्रश्न (साक्री) : एकादशीला पीनट बटर चालते का? साबुदाणा तर सोडलाय.

साबुदाणा सोडलात ते योग्यच, त्यात १०० ग्रॅमला ८५ ग्रॅमहून जास्त कार्ब असतात. भगरही धान्यासारखीच धरा. शेंगदाणे उपवासाला चालतात, तेव्हा फक्त दाण्यांचे पीनट बटरही चालावे. विकतच्या डब्यात सोया लेसिथिन (आयएनएस ३२२) असेल तर काही घरांत ते उपवासाला चालत नाही. घरी करणार असाल तर साध्या मिठाऐवजी सैंधव घाला. ३० ग्रॅम पीनट बटर, वाटीभर घट्ट दही आणि काकडी एवढ्यात पोट भरते, नेट कार्ब १५ च्या आतबाहेर राहतात.