'हॉट फ्लश': झळा की वाफा?

साखळीच्या एका ताईंनी विचारलंय: दवाखान्यातून आईला 'रजोनिवृत्तीची लक्षणे' असं पत्रक मिळालं. आईला त्याचं शीर्षकच कळलं नाही. सोपा शब्द कोणता? आणि 'हॉट फ्लश'ला, म्हणजे या काळात अचानक अंग तापून घाम सुटतो त्याला, 'उष्ण झळा' म्हणणं बरोबर का?

'रजोनिवृत्ती' शब्द चुकीचा नाही. रजः + निवृत्ती, 'मनोरंजन'सारखाच संधी. पण बायका म्हणतात 'पाळी गेली', आणि मला तेच नेमकं वाटतं. पाळी चुकते, लांबते, पुढेमागे होते; पण 'गेली' हे मागे वळून पाहिल्यावरच म्हणता येतं. डॉक्टरसुद्धा सलग 12 महिने पाळी आली नाही, तरच ती गेली असं धरतात. त्याआधीची काही वर्षं म्हणजे 'पाळी जाण्याचा काळ'. बहुतेक त्रास तेव्हाच सुरू होतो, म्हणून पत्रकावर हे शब्द हवेत.

आता झळा. झळ बाहेरून लागते, चुलीची, उन्हाची. फोंड्यात आमच्या थोरल्या वहिनी डिसेंबरातल्या एका रात्री सोप्यावर बसल्या होत्या. बाहेर चांगला गारवा, आणि त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब. पदराने वारा घेत म्हणाल्या, "आतून वाफा येतात गो." थोड्या वेळाने त्यांनाच हुडहुडी भरली, शाल मागितली.

होतं असं की, बीजकोश थकत जातात तसं त्यांच्यातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) आधी वरखाली होतं, मग उतरतं. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र त्यामुळे फार हळवं होतं. शरीर किंचित तापलं तरी ते अंग थंड करायला धावतं: कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. उष्णता आतूनच वर येते. म्हणून माझं मत 'वाफा' या शब्दाला. रात्री याच घामाने झोप मोडते, आणि दुसऱ्या दिवशीच्या चिडचिडीला पुष्कळदा ती मोडलेली झोपही कारण असते. योनीमार्गाचा कोरडेपणा, हाडं ठिसूळ होणं, हेही इस्ट्रोजेन उतरल्यामुळेच. त्यांना सरळ याच नावांनी लिहावं, आडपडदा नको.

एका ठिकाणी मात्र शब्द जपून वापरा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल दिसलं, तर "परत पाळी आली" म्हणू नये. त्या शब्दाने घरचे निर्धास्त होतात. तो रक्तस्राव आहे, थोडा असला तरी डॉक्टरांना दाखवायचा. आईंना एवढं जरूर सांगा.