वाचकांचे प्रश्न : इंजिनाच्या कामानंतर टायमिंग का जुळत नाही?

प्रश्न : आमच्याकडे जुन्या जीपचे हरिकेन एफ-१३४ पेट्रोल इंजिन असलेला पिकअप आहे. नुकतेच इंजिन पूर्ण खोलून बोअर, पिस्टन, रिंगा आणि ऑइल पंपाचे काम करून घेतले. तेव्हापासून आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाट चढताना गाडी ओढत नाही आणि पाणी उकळू लागते. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) एका बाजूस शेवटपर्यंत फिरवला तरी फरक पडत नाही. कानाने ऐकून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) लावले आहे, ते चुकले असावे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे ठिणगी उशिरा पडत असल्याची आहेत. ठिणगी उशिरा पडली की ज्वलनाचा मोठा भाग पिस्टन खाली जाऊ लागल्यावर होतो, त्यामुळे जोर कमी मिळतो आणि वाया गेलेली उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह व पाण्याकडे जाते. पण माझे लक्ष आपल्या पत्रातील ‘ऑइल पंप’ या शब्दांकडे गेले. या इंजिनात डिस्ट्रिब्युटरला ऑइल पंपाच्या शाफ्टकडून गती मिळते, आणि त्या शाफ्टचे गियर कॅमशाफ्टच्या गियरमध्ये बसते. पंप काढून पुन्हा बसवताना एक दाता जरी पुढेमागे झाला, तरी डिस्ट्रिब्युटर फिरवायला मिळणारी थोडीशी जागा तो फरक भरून काढू शकत नाही. म्हणून आधी पंप तपासावा आणि टायमिंग मागाहून लावावे, असे मी आग्रहाने सांगतो.

रेडिएटरकडील पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवावे व हँडलने इंजिन सावकाश फिरवावे. बोटाला हवेचा दाब जाणवला म्हणजे तो काँप्रेशनचा फेरा आहे. पुलीवरील खूण टायमिंग कव्हरवरील ५ अंशांच्या रेषेवर, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या ५ अंश आधी, आणून थांबावे. खूण पुढे गेली तर इंजिन बरेच मागे फिरवून पुन्हा चालण्याच्या दिशेनेच तिथपर्यंत यावे, नाहीतर गियरमधील ढिलाईमुळे माप फसते. आता डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून पाहावी. आतला फिरता तुकडा, म्हणजे रोटर, पहिल्या प्लगच्या वायरकडे रोखलेला नसेल, तर पंप उतरवून गियर योग्य दात्यावर बसवावे आणि बसवण्यापूर्वी पंपात तेल भरावे, म्हणजे सुरू होताच दाब तयार होईल. वायरींचा क्रम १-३-४-२, रोटर फिरतो त्या दिशेने, हेही याच वेळी पडताळावे.

त्यानंतर डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटचे (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचे) अंतर फिलर गेजने ०.०२० इंच ठेवावे. हे काम टायमिंगच्या आधीच करायला हवे, कारण अंतर वाढले की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकते. मग डिस्ट्रिब्युटरचे कॉइलकडून येणारे टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडून इग्निशन चालू करावे. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने फिरवून दिवा विझू द्यावा, नंतर उलट दिशेने हळूहळू आणावा, आणि दिवा लागतो त्या क्षणी बोल्ट आवळावा. बोल्ट आवळताना डिस्ट्रिब्युटर किंचित सरकतो, म्हणून पुन्हा एकदा पाहणे आवश्यक आहे.

किनाऱ्यावरच्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक तपासणी मी कधीही टाळू देत नाही. खारट, दमट हवेत डिस्ट्रिब्युटरमधील, वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांच्या पिना गंजून अडकतात, आणि पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत तर हे फार होते. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) पुलीवरील खुणेवर धरून इंजिन हळूहळू रेस करावे. व्हॅक्यूमची नळी असल्यास ती काढून टोक बंद ठेवावे. वेग वाढेल तशी खूण सलगपणे पुढे सरकली पाहिजे. ती जागच्या जागी राहिली, तर आयडलिंगला टायमिंग अचूक असूनही घाटात गाडी तशीच दमेल. अशा वेळी पिना साफ करून तेलाचा थेंब द्यावा.

शेवटची परीक्षा भरलेल्या गाडीची. चढावर टॉप गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर खडखडणारे नॉकिंग ऐकू आले, तर टायमिंग एक-दोन अंश मागे घ्यावे. नॉकिंग नसेल आणि पाणी तरीही उकळत असेल, तर डिस्ट्रिब्युटर न हलवता रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि हेड गॅस्केट पाहावे.