अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी द्यायची की नंतर?

तुम्ही लिहिलंय की मुलीला नियम पाठ आहे, तरी 'मुलाची पुस्तकं' इंग्रजीत लिहिताना ती अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर देते. मी सातवी-आठवीला इंग्रजी शिकवते, ही चूक रोज बघते. माझ्या मते तिचं मूळ मराठीत आहे. मुलाचा चेंडू, मुलाची वही, मुलाचे बूट. आपलं चा-ची-चे वस्तूवरून ठरतं, म्हणून मुलं वस्तूकडे बघतात आणि पुस्तकं अनेक दिसली की चिन्ह पुढे सरकवतात. इंग्रजीत वस्तू एक असो की शंभर, बघायचा तो मालक.

पण मालक एक की अनेक, हे मराठीही दाखवतेच की! 'मुलाची खोली', 'मुलांची खोली'. फरक एका टिंबाचा. त्या अनुस्वाराचं काम इंग्रजीत अपॉस्ट्रॉफीची जागा करते. अनुस्वार निदान ऐकू येतो. इंग्रजीत मुलाचं, मुलांचं आणि नुसतं 'मुलगे', तिन्हींचा उच्चार 'बॉइज'च. त्यामुळे कागदावर चुकलं की अर्थच बदलतो.

तिला सांगा, आधी मालकाचा शब्द पूर्ण लिही: एक असेल तर बॉय, अनेक असतील तर बॉइज. मग अपॉस्ट्रॉफी दे. अनेकवचनाचा एस आधीच आला असेल तर थांब, नसेल तर आता लाव. चिल्ड्रन, मेन, विमेन यांच्यात तो एस नसतो, म्हणून त्यांना अपॉस्ट्रॉफीनंतर एस लागतो. ८ मार्चच्या विमेन्स डेला तसंच लिहितात.

५ सप्टेंबरला आमच्या वर्गातल्या एका मुलीने फळ्यावर टीचर्स डे लिहिताना अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी दिली. मी चिन्हापासून पुढचं सगळं तळहाताने झाकलं आणि म्हटलं, वाच. ती म्हणाली, "टीचर." क्षणभर थांबली आणि स्वतःच म्हणाली, "बाई, एकाच शिक्षकाचा दिवस झाला!" डस्टर घेऊन तिनेच दुरुस्त केलं. मदर्स डे मात्र एकवचनीच, आणि तेही मुद्दाम: अमेरिकेत तो सुरू करणाऱ्या ॲना जार्विस यांना प्रत्येक घराने आपापल्या आईचा दिवस पाळावा असं वाटत होतं.

'इट'चं षष्ठीरूप वेगळं शिकवा. त्यात अपॉस्ट्रॉफी नाही, जशी 'हिज'मध्ये नाही. दिली तर ते 'इट इज' होतं. जेम्ससारख्या नावांना नुसती अपॉस्ट्रॉफी किंवा पुढे आणखी एक एस, दोन्ही चालतं. तिच्या पाठ्यपुस्तकात जे असेल ते धरा.