डर्ट ओव्हलवर गाडीआधी माती बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नाशिकमध्ये रिमोट कंट्रोल गाड्यांच्या रात्रीच्या रेस होतात असं ऐकलं, पण मातीच्या गोल ट्रॅकवर, म्हणजे डर्ट ओव्हलवर, त्याच त्या फेऱ्या मारण्यात एवढं बघण्यासारखं काय आहे? आणि बारा वर्षांच्या मुलाला गाडी घेऊन द्यायची तर कोणती?

बघायला जरूर या. फक्त रेस सुरू झाल्यावर येऊन दोन हीट, म्हणजे फायनलआधीच्या छोट्या रेस, बघून परत जाऊ नका. ट्रॅकवर पाणी मारायला सुरुवात होते तेव्हा या आणि शेवटच्या फायनलपर्यंत थांबा. सहा वाजता ज्या ट्रॅकवर पहिली गाडी सुटते आणि रात्री अकराला ज्यावर फायनल होते, ते दोन वेगळे ट्रॅक असतात. जागा तीच असते, माती बदललेली असते. ओव्हलची सगळी मजा या बदलात आहे.

हा खेळ मूळचा अमेरिकेतला. तिथे खऱ्या गाड्या मातीच्या लंबगोल ट्रॅकवर पळतात. आयोवातलं नॉक्सव्हिल, ओहायोतलं १९५४ मध्ये सुरू झालेलं एल्डोरा ही त्यातली मोठी नावं. तेच सगळं आपण एक-दशांश आकाराच्या गाड्यांवर करतो. घड्याळाच्या उलट्या दिशेने पळायचं, म्हणजे वळणं फक्त डावीकडची. हीट चार मिनिटांची. हीटमधल्या कामगिरीवरून ए मेन (मुख्य फायनल), बी मेन (तिच्या खालची) अशा फायनल लागतात. बी मेन जिंकणाऱ्याला ए मेनमध्ये शेवटच्या जागेवरून सुटायला मिळतं. आणि नाशिकला मातीतल्या रेसचं नावीन्य नाही. रॅली ऑफ महाराष्ट्र ही मोटारींची रॅली बघायला पहाटे उठून कच्च्या रस्त्याच्या कडेला जाऊन बसलेली माणसं आमच्यात बरीच आहेत.

आमचा ट्रॅक मखमलाबादच्या बाजूला एका द्राक्षबागायतदार काकांच्या पडीक तुकड्यावर आहे. आतल्या कडेने एक फेरी साधारण पंचेचाळीस मीटरची. कडा आखायला ठिबकच्या जुन्या लॅटरल, म्हणजे नळ्या, जमिनीला खुंट्या मारून बसवल्यात. गाडी आदळली तरी नळी दबते, गाडीचं सस्पेन्शन मोडत नाही. ड्रायव्हर उभे राहतात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, कारण समोरचं वळण नीट दिसायला चार फूट उंची लागतेच. चार कोपऱ्यांना एलईडीचे फोकस. सिंगल फेज विजेचा भरवसा नसतो म्हणून जनरेटर.

आता मातीचं. आपली काळी माती या कामाला अजिबात चालत नाही. भिजली की टायरला चिकटून चाकाचा लाडू करते आणि सुकली की बोट जाईल अशा भेगा पडतात. म्हणून खाली मुरूम दाबून घेतलाय आणि वर चाळलेल्या लाल मातीचा थर. दुपार कलली की काका पाठीवरचा पंप घेऊन त्यावर बारीक फवारा मारतात. पाइपने धो धो पाणी सोडलं तर वर चिखल आणि खाली कोरडं राहतं. ओल हळूहळू मुरली पाहिजे. मग ते मूठभर माती उचलतात, दाबतात. गोळा झाला पाहिजे आणि टिचकी मारली की फुटला पाहिजे. "अजून वाफसा नाय आला रे, थांबा जरा," असं म्हणाले की कुणीही गाडी खाली ठेवत नाही. वाफसा आला की हातरोलर फिरवायचा, दोन माणसं ओढायला आणि एक मागे केरसुणी घेऊन. परदेशात काही ठिकाणी पकड यावी म्हणून मातीवर साखरेचं पाणी फवारतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण आपल्या तालमीत आखाड्याच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतातच की. माती कामाची करून घ्यावी लागते, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको.

पहिल्या हीटला माती ओलसर आणि घट्ट असते. टायर चावतं. रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर जवळजवळ पूर्ण दाबून वळणात शिरता येतं आणि गाडी रुळावर असल्यासारखी निघते. नवीन बघणाऱ्याला हाच भाग सगळ्यात वेगवान आणि म्हणून सगळ्यात भारी वाटतो. मला तसं वाटत नाही. खरी रेस आठ-साडेआठनंतर लागते. तोवर वरची ओल उडालेली असते. गाड्यांनी आतल्या कडेला घासून घासून एक काळपट, चकचकीत पट्टा तयार केलेला असतो, आणि त्याच्या बाहेर सुटी माती, खडे, धूळ साचलेली असते. पट्ट्यावर पकड आहे, पण तो जेमतेम दीड गाडीच्या रुंदीचा. बाहेर चाक गेलं की मागचा भाग निसटलाच. तेव्हा जो वळणाच्या आधी ट्रिगर लवकर सोडतो, गाडी नुसती घरंगळू देतो आणि नाक सरळ झाल्यावरच पुन्हा दाबतो, तो पुढे जातो. ज्याचा हात जड, त्याची गाडी आडवी होते. मागचा भाग बाहेर सुटला की चाक उजवीकडे वळवून गाडी डावीकडे न्यायची, हे डोक्याला पटायलाही वेळ लागतो आणि हाताला त्याहून जास्त.

या गाड्या मुद्दाम वाकड्या बांधलेल्या असतात, हे ट्रॉलीवरून दिसत नाही. पिटमध्ये, म्हणजे गाड्या जुळवायच्या जागेत, टेबलाजवळ जाऊन बघा. डाव्या वळणात वजन उजव्या चाकांवर जातं, डावी चाकं हलकी पडतात. म्हणून बॅटरी डावीकडे सरकवतात. मागचा धुरा लॉक केलेला असेल तर उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा किंचित मोठं घालतात. दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात, पण मोठं चाक जास्त अंतर कापतं आणि गाडी आपसूक डावीकडे ओढ घेते. याला स्टॅगर म्हणतात. मग क्रॉस वजन, म्हणजे पुढचं उजवं आणि मागचं डावं या तिरक्या जोडीवर गाडीच्या एकूण वजनाचा किती हिस्सा पडतोय ते. तो वाढवला की गाडी थ्रॉटलवर स्थिर राहते पण वळायला कुरकुर करते. कमी केला की पटकन वळते आणि मागून सुटते. आणि हे एकदा जमवून चालत नाही, कारण संध्याकाळी ओल्या मातीवर जमलेली गाडी साडेआठला कोरड्यावर नकोशी होते. हीटच्या मधल्या वेळात सगळे स्प्रिंगचे कॉलर, म्हणजे स्प्रिंगचा दाब बदलणाऱ्या कड्या, अर्धा-अर्धा फेरा फिरवत बसलेले दिसतील.

आमच्यात अंबड एमआयडीसीत लेथवर काम करणारे एक दादा आहेत. सगळे त्यांना टर्नरदादा म्हणतात. ते चार छोटे वजनकाटे, प्रत्येक चाकाखाली एक, असे मांडून गाडी तोलतात आणि आकडे खडूने टेबलावरच लिहितात. चाकामागे घालायचे ॲल्युमिनियमचे वॉशर ते स्वतः काढून आणतात, कुणाला लागले तर देतातही. एकदा एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "दादा, मोटर कुठली टाकू? गाडी मागे पडतेय." दादांनी त्याची गाडी उचलली, मागचं चाक बोटाने फिरवलं आणि म्हणाले, "मोटर राहू दे. बेअरिंग माती खातंय तुझं. ते धू आधी." धुतल्यावर चाक मोकळं फिरायला लागलं आणि पुढच्या हीटमध्ये मुलाची फेरी सरळ सरळ कमी वेळात बसली.

इथे वेळेचा हिशेब समजून घ्या, म्हणजे ही माणसं इतक्या बारीक गोष्टींच्या मागे का लागतात ते पटेल. आमच्या ट्रॅकवर चांगली फेरी पाच सेकंदांच्या आसपास जाते. चार मिनिटांत अठ्ठेचाळीस फेऱ्या. प्रत्येक फेरीत फक्त एक-दशांश सेकंद गमावला तरी शेवटी ४.८ सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण फेरीचा फरक. म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवून चालत नाही. प्रत्येक गाडीत एक छोटा ट्रान्सपॉन्डर असतो, अंतिम रेषेखाली तारेचा लूप पुरलेला असतो आणि गाडी वरून गेली की तिचा क्रमांक व वेळ संगणकावर येते.

डिसेंबर-जानेवारीत आलात तर रात्रीचा तिसरा अंकही बघायला मिळेल. बागेच्या शेजारी दव लवकर उतरतं. काकांना ते अजिबात आवडत नाही, कारण द्राक्षावर दव म्हणजे डाउनी या रोगाची धास्ती. ट्रॅकवर मात्र बाहेरची सुटी माती दवाने थोडी ओल धरते आणि जिथे तासाभरापूर्वी गाडी ठेवता येत नव्हती तिथे पकड यायला लागते. हे कधी झालं ते ट्रॉलीवरून कळत नाही.

गेल्या हिवाळ्यातली एक फायनल माझ्या डोळ्यांसमोर आहे. आमच्याकडे वडिलांबरोबर येणारी सातवीतली एक मुलगी आहे. बी मेनला ती मार्शल होती. मार्शल म्हणजे वळणावर उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करणारा. प्रत्येकाने आपली रेस नसताना एकदा हे काम करायचंच असतं. तीन आणि चार नंबरच्या वळणांच्या मध्ये ती उभी होती. एक गाडी उचलून ठेवताना तिने बाहेरची माती चिमटीत घेऊन चोळली, फेकली, आणि दोन फेऱ्यांनी पुन्हा घेऊन चोळली. मग ए मेनला ती शेवटून दुसऱ्या जागेवरून सुटली. सगळे सवयीने आतल्या पट्ट्यावर रांग लावून पळत होते. पुढच्याने चूक केल्याशिवाय कुणाला कुणाला ओलांडता येईना. पाच-सहा फेऱ्यांनंतर तिने तीनच्या वळणात गाडी सरळ वर, बाहेरच्या मातीत नेली. तिचे वडील ट्रॉलीखालून ओरडले, "आत घे, आत घे!" तिने मान वळवली नाही. गाडी वरून लांब वळण घेत आली, वेग कुठेच तुटला नाही, आणि सरळ पट्टीवर येताना तिने दोन गाड्या एकदम मागे टाकल्या. पुढच्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीला आणखी दोघांनी बाहेरची वाट धरली, पण तोवर ती दुसऱ्या क्रमांकावर होती. पहिले टर्नरदादाच आले. त्यांच्या गाडीने चार मिनिटांत एकदाही आतला पट्टा सोडला नाही. त्या रात्री मात्र जो तो तिला माती कशी ओळखलीस तेच विचारत होता.

आता मुलाच्या गाडीबद्दल. खेळण्याच्या दुकानातली, बॅटरीसकट सीलबंद गाडी घेऊ नका. तिचे सुटे भाग मिळत नाहीत आणि पहिल्या धडकेत ती संपते. ज्या गाडीचा प्रत्येक स्क्रू, गिअर, आर्म वेगळा विकत मिळतो अशी एक-दशांश आकाराची, मागच्या दोन चाकांवर चालणारी रेडी-टू-रन, म्हणजे जोडून तयार मिळणारी, गाडी घ्या. ट्रॅक्सास कंपनीची २००८ मध्ये आलेली स्लॅश यासाठी जगभर वापरली जाते. बऱ्याच ओव्हल ट्रॅकवर फक्त तिचाच एक वर्ग असतो, आमच्याकडेही आहे. सगळ्यांची मोटर सारखी, त्यामुळे पैसा कमी चालतो आणि हात जास्त. वरून पंख लावलेल्या स्प्रिंट कार दिसायला देखण्या असतात आणि मुलाला त्याच हव्या असतील, पण पहिला हंगाम स्लॅशवरच काढू द्या. जास्त ताकदीची ब्रशलेस मोटर लगेच टाकायचा मोहही आवरा. कोरड्या मातीवर ती ताकद खाली उतरतच नाही.

बॅटरीच्या बाबतीत मी कडक आहे आणि तुम्हीही राहा. दोन सेलच्या लिपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) ७.४ व्होल्ट लिहिलेलं असतं, पूर्ण भरल्यावर ती ८.४ होते. चार्जर बॅलन्स करणारा, म्हणजे सगळे सेल सारखे भरणाराच हवा. पाच हजार एमएएचची बॅटरी पाच अँपिअरवर साधारण तासाभरात भरते, ती लवकर भरायची घाई करू नका. चार्ज होताना तिथून उठून जायचं नाही, रात्री लावून झोपायचं तर मुळीच नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. रेस नसेल त्या आठवड्यांत सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर ती लवकर मरते. बारा वर्षांच्या मुलाने गाडी स्वतः खोलावी, धुवावी, जोडावी, पण चार्जिंग तुमच्या डोळ्यांसमोर.

जागा खासगी शेतात आहे म्हणून पत्ता इथे उघड लिहीत नाही. मला संदेश पाठवा, पुढची रेस ठरली की कळवतो. पावसाळ्यात ट्रॅक बंद असतो, दिवाळीनंतर सुरू होतो. येताना मुलाला पायात बूट घालायला सांगा आणि रेस चालू असताना लॅटरलच्या आत पाऊल टाकू देऊ नका. गाडी दोन किलोच्या आसपास असते आणि सरळ पट्टीवर ताशी चाळीस किलोमीटरने येते, नडगीवर बसली तर चांगलीच लागते. गाडी आत्ता नसली तरी त्याला मार्शल म्हणून एखाद्या हीटला उभं करू, टर्नरदादांच्या शेजारी.