मलावीत माणशी पावणेदोनशे किलो मका पिकतो, तरी दरवर्षी अन्नटंचाई का?

तुमचा भागाकार बरोबर आहे. आग्नेय आफ्रिकेतल्या या देशात दोन कोटी माणसं, चांगल्या वर्षी ३५ लाख टन मका, म्हणजे डोई पावणेदोनशे किलो. वर्षभराच्या न्सिमाला एवढा पुरायला हवा. न्सिमा म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड. ती पोटात गेली नसेल तर तिथला माणूस बाकी काहीही खाऊन ‘जेवलो’ म्हणत नाही. पण तुमच्या हिशेबात महिने धरलेले नाहीत.

मी २०१५ ते २०१७ दक्षिण मलावीतल्या ब्लांटायर शहरात, लिम्बे भागात, एका डाळ मिलचे हिशेब बघायचो. जानेवारी लागला की माझ्या टेबलासमोर उचल मागणाऱ्यांची रांग. वॉचमन, हमाल, ड्रायव्हर, सगळ्यांना एकच घ्यायचं असायचं: मक्याचं ५० किलोचं पोतं. पहिल्या वर्षी मी वॉचमनला विचारलं, गावाकडे शेती आहे ना? आहे. मका झाला होता ना? झाला होता की. मग गेला कुठे? विकला, मे महिन्यात.

आधी मला तो उधळेपणा वाटला. मग हळूहळू कळलं. पाऊस एकदाच, नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. ओलित अगदी थोडं, हे त्या देशात, ज्याचा पाचवा हिस्सा सरोवराने व्यापलाय! सुगी एप्रिल-मेमध्ये, आणि बहुतेकांचं रान अडीच एकराच्या आत. सुगीच्या वेळी खिशात दमडी नसते. मुलांची फी, जुनी उधारी, सगळं मक्यातूनच भागवायचं. घरोघरी बांबूच्या कणग्या आहेत, त्यांना ‘न्खोक्वे’ म्हणतात. पण नवा संकरित मका मऊ दाण्याचा, त्याला गावठी मक्यापेक्षा सोंडे लवकर लागतात. त्यामुळे सोंड्यांनी खाण्याआधी विकलेला बरा. सगळे एकदमच विकतात, भाव पडतो. नोव्हेंबर-डिसेंबरात कणगी तळाला जाते आणि जानेवारी-फेब्रुवारीत तोच माणूस तोच मका कितीतरी चढ्या भावाने, कधी दुपटीनेही, विकत घेतो.

पैसे नसले तर ‘गान्यू’, म्हणजे दुसऱ्याच्या रानात मजुरी. नेमकी ती कामं पेरणी-खुरपणीचीच असतात. म्हणजे आजच्या पिठासाठी दुसऱ्याचं रान खुरपायचं आणि स्वतःच्या मक्यात तण माजू द्यायचं. पुढच्या वर्षीची कणगी त्याच दिवसांत अर्धी होते. अगदीच भागेना तेव्हा मक्याचा कोंडा शिजवून खातात.

सरकारचेही टनाचे आकडे अनेकदा फसले आहेत. २००१ साली पुरांमुळे मका घटला, पण कसाव्याचं (ज्याचा साबुदाणा होतो त्या कंदाचं) पीक अंदाजात फुगलेलं असल्याने फारसं कोणी घाबरलं नाही. नाणेनिधीचा सल्ला राखीव साठा कमी करण्याचा होता. प्रत्यक्षात दीड लाख टनांहून मोठं कोठार जवळपास रिकामंच झालं. २००२ च्या सुरुवातीला माणसं भुकेने मेली, आणि शेकडो की हजारो यावर अजून एकमत नाही. पुढे २००५-०६ पासून राष्ट्राध्यक्ष बिंगू मुथारिका यांच्या सरकारने कूपनवर स्वस्त खत-बियाणं दिलं. अनेक देणगीदार देश नाराज होते, तरी २००५ ला १२ लाख टनांच्या आसपास अडकलेला मका २००७ ला ३० लाखांपलीकडे गेला (पाऊसही चांगला झाला, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात). त्या जोरावर झिंबाब्वेला मका विकला, आणि २००८ मध्ये देशातच भाव भडकले. एवढा मका खरंच पिकला होता का, हा प्रश्न तेव्हा उशिरा विचारला गेला.

खत आयातीचं, स्वतःचं बंदर नाही, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, ४४ टक्के अवमूल्यन झालं. कूपनही कुठवर पुरणार? दुष्काळ-वादळं त्यावर वेगळी. २०१६ च्या एल निनोनंतर सुमारे ६५ लाख लोकांना मदत लागली, मार्च २०२३ ला फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण भाग धुऊन नेला, आणि २०२४ ला २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली.

‘मग दुसरं पीक घ्यावं’ असं तुम्ही शेवटी सुचवलंय. ते घेतात. विदर्भात कपाशीत तूर असते तशी दक्षिण मलावीत मक्यात तूर असते. ती जुलै-ऑगस्टनंतर निघते, बरीचशी भारतात येते, आणि कणगी संपायच्या सुमारास हातात रोकड देते. आपल्याकडे २०१५ ला तूरडाळ २०० रुपयांवर गेली तेव्हा तिथे ज्याच्या त्याच्या तोंडी तूरच. २०१७ ला मका उत्तम आला, म्हणून मक्याचा भाव पडलेला. मदार तुरीवर होती. ऑगस्टमध्ये भारताने तूर आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आपला शेतकरीही तेव्हा पडलेल्या भावाने रडकुंडीला आला होता, त्यामुळे निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण आमच्या मिलच्या फाटकाशी सायकलवर पोती लादून आलेल्या बायाबापड्यांना ‘आज खरेदी बंद’ असं सांगायचं काम त्याच वॉचमनकडे होतं. त्याच्या बायकोचीही तूर गावी तशीच पडून होती.