बारावीनंतर मायक्रोबायोलॉजीच्या बीएस्सीसाठी पुण्यात 6 लाखांचं कर्ज काढावं की सांगलीतच शिकावं?

निव्वळ बीएस्सीसाठी 6 लाखांचं कर्ज काढू नका, सांगलीतच प्रवेश घ्या. मी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये आहे. आमच्याकडे नवीन बीएस्सी झालेल्या पोरांची सुरुवात 15-18 हजारांवर होते, मग ती पुण्याहून येवोत की सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजमधून.

आता कर्जाचं गणित मांडा. दरवर्षी 2 लाख, 10 टक्के व्याज धरा. शिकत असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं (बँकेत हे कुणी आपणहून सांगत नाही). हप्ता सुरू होईपर्यंत 6 लाखांचे 7 लाख 80 हजार झालेले असतात. सात वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिन्याला साधारण 13 हजार. पगार 16 हजार असेल तर मागे उरतं काय?

विलिंग्डन अनुदानित आहे, पदवी शिवाजी विद्यापीठाची, आणि घरचा डबा मिळतो. वाचलेले पैसे एमएस्सीसाठी ठेवा. खरा फरक तिथे पडतो.

एकच अपवाद: संशोधनातच जायचं पक्कं असेल आणि जॅम (एमएस्सीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) देऊन चांगल्या संस्थेत एमएस्सीला नंबर लागला, तर तेव्हा कर्ज काढायला हरकत नाही. पुढे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (पीएचडी करताना मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिन्याला 37,000 आणि वर घरभाडं मिळतं. मात्र ती मोजक्यांनाच मिळते, तिच्या भरवशावर हप्ता ठरवू नका.